हौसा घुशीचे डोळे

एका जंगलात सगळं काही होतं, म्हणून एक संग्रहालयही होतं. ते कशासाठी होतं असं विचारू नका, बाळांनो. ते अकरा ते पाच उघडं असायचं, एवढं मला माहीत आहे.

त्या संग्रहालयात सिंहमहाराजांच्या आजोबांची एकेचाळीस चित्रं होती. एकेचाळीस चित्रांत आजोबा उजवीकडेच बघत होते, कारण त्यांच्या डाव्या गालावर मोठी चामखीळ होती. शिवाय मोराची गळलेली पिसं होती. आणि एक दगड होता. त्या दगडावर एकदा एक वाघ बसणार होता, पण बसला नाही. तशी पाटी होती.

बघायला मात्र काळं कुत्रं फिरकत नसे. जंगलात काळी कुत्री तीन होती. त्यांना मुद्दाम विचारून पाहिलं, तीही नको म्हणाली.

एक दिवस महाराजांनी संचालकांना बोलावलं. संचालक म्हणजे एक सारस पक्षी. त्यांना सगळे सारसराव म्हणत. मान लांब असल्यामुळे त्यांना फार पुढचं दिसतं, असा दरबाराचा समज होता.

"सारसराव, आमच्या आजोबांना बघायला कुणी का येत नाही?"

"महाराज, प्रजा कलेपर्यंत पोचत नाही."

"मग कला प्रजेपर्यंत न्या."

"म्हणजे आजोबांना न्यायचं?"

"आजोबांना हात लावायचा नाही. कला न्या."

सारसरावांनी आठवडाभर एका पायावर उभं राहून विचार केला आणि 'कला वस्तीवस्तीत' नावाची योजना काढली. वंचित वस्तीत जायचं, तिथल्या पिल्लांच्या हातात कुंचला द्यायचा, आणि त्यांचं जीवन उजळलं की परत यायचं. आता यासाठी वंचित वस्ती हवी. सशांकडे गेले, तर सशांनी दारोदार रांगोळ्या घातलेल्या. माकडांकडे गेले, तर माकडांच्या दोन नाटक मंडळ्या, आणि दोघींचं आपसात पटत नाही. सारसराव अगदी रडकुंडीला आले. शेवटी शिपायानं आठवण करून दिली की साहेब, आपल्या घुशी आहेत की.

घुशी राहायच्या संग्रहालयाच्या मागच्या भिंतीला लागून. त्यांची बिळं भिंतीखालून थेट संग्रहालयाच्या पायापर्यंत गेली होती. संग्रहालयाला त्या ठाऊक नव्हत्या असं नाही. त्यांच्यासाठी भिंतीच्या कडेनं आणि पायाखालच्या बोळांतून चाळीस सापळे लावलेले होते. पण ते खातं वेगळं. त्या खात्याचे प्रमुखही सारसरावच होते, खुर्ची मात्र दुसरी होती. ज्या खुर्चीत बसायचं त्या खुर्चीचं काम करायचं, अशी त्यांची शिस्त होती.

या वस्तीत गोदी नावाची एक लहान घूस होती. ही गोष्ट तिची आहे, तेव्हा तिच्याकडे लक्ष ठेवा. सारसराव बोलायला लागले की तुमचं लक्ष तिकडे जाईल, मला माहीत आहे.

गोदीच्या आईचं नाव हौसा. घुशींना एकूण दिसायला बेताचंच, पण हौसाची नजर अशी की पाचोळ्याखाली दडवलेला सापळ्याचा खटका तिला लांबून कळायचा. म्हणून पहाटे चाऱ्याला निघताना हौसा सगळ्यांच्या पुढे. तिची शेपूट मागचीनं तोंडात धरायची, तिची तिच्या मागचीनं. अशी सव्वाशे घुशींची रांग चाळीस सापळ्यांमधून वळत वळत बाहेर पडायची, आणि तशीच परत यायची. हौसाची शेपूट ज्याच्या तोंडात, त्याचा वस्तीत मोठा मान. तो मान गोदीचा होता. तिला तो कुणापुढे मिरवता येत नसे, कारण तोंडात शेपूट असताना बोलता येत नाही. पण मनातून ती फुगलेली असायची.

तर योजना ठरली. योजनेची प्रमुख म्हणून मंजिरी नावाच्या खारीला नेमलं. मंजिरीताई मनानं फार चांगली. कुंचल्यांना केस लागतात म्हटल्यावर तिनं स्वतःच्या शेपटीचे उपटून दिले. पन्नास कुंचले झाले आणि ताईची शेपूट दोरीसारखी झाली.

घुशींची वस्ती संग्रहालयाच्या मागच्या दारापासून चाळीस पावलांवर होती. पण योजनेच्या कागदावर 'दुर्गम वस्ती' असं लिहिलेलं होतं. सारसराव म्हणाले, "मागच्या दारानं गेलो तर दुर्गम कसं म्हणता येईल?" मग रंगांच्या पेट्या हत्तीवर लादल्या. हत्ती पुढच्या दरवाजानं निघाला, डोंगराला वळसा घातला, नदी दोनदा ओलांडली, आणि तिसऱ्या दिवशी वस्तीत येऊन पोचला. सगळ्यांचे पाय सुजले होते. त्यामुळे कार्यक्रमाला एकदम खरेपणा आला.

पन्नास पिल्लांना ओळीत बसवलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी घातली. पाटीवर 'वंचित' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मोठ्या घुशींना लांब पाठवलं, कारण मोठी माणसं असली की पिल्लांची कल्पनाशक्ती बुजते. माणसं म्हणजे घुशी. तोंडात बसलंय, सोडून द्या.

कार्यक्रम दोन तासांचा होता. एक तास चाळीस मिनिटं सारसराव बोलले. ते कलेचं महत्त्व सांगत होते, आणि पिल्लं रंगांच्या वाट्यांकडे बघत होती. उरलेल्या वीस मिनिटांत चित्र काढायचं होतं. विषय होता 'माझं स्वप्न'.

मंजिरीताई गोदीजवळ आली. "बाळ, तुझं स्वप्न काय?"

"आये," गोदी म्हणाली.

"तसं नाही गं. तुझ्याकडे जे नाही ते काढायचं."

गोदीनं इकडेतिकडे पाहिलं. "आत्ता हितं आये नाही," ती म्हणाली.

 मंजिरीताई पुढच्या पिल्लाकडे गेली.

गोदीनं आई काढली. आधी तपकिरी अंग काढलं. मग मिशा काढल्या, एकेक वेगळी. उजवा कान सापळ्यात अडकून फाटला होता, तो तसाच फाटका काढला. शेपूट काढली, तिच्यावर आपल्याच दातांच्या खुणा काढल्या. डोळे तिनं शेवटी ठेवले होते. सगळ्यात चांगलं ते शेवटी खायचं, अशी तिची सवय होती, आणि तुमचीही आहे.

तिनं काळ्या रंगात कुंचला बुडवला, आणि शंख वाजला. वेळ संपली. शिपायांनी कागद गोळा केले.

"ताई, डोळे राहिले."

"राहू देत गं. किती गोड दिसतंय."

"आये आहे ती. तिला दिसायला पायजे."

"पुढच्या वेळी हं," मंजिरीताई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. पुढची वेळ येणार आहे असं तिला खरंच वाटत होतं.

गोदीचं चित्र संग्रहालयात गेलं आणि आजोबांच्या चित्रांच्या शेजारी लागलं. दुसऱ्या दिवशी पंडित घुबड आले. जंगलातलं कुठलं चित्र चांगलं आणि कुठलं वाईट, हे पंडित घुबड सांगत. त्यांना दिवसा नीट दिसत नसे, म्हणून ते कुणाच्या बाजूचे नाहीत असं धरलं जाई. ते चित्रासमोर तासभर बसले. मग त्यांनी डोळे पुसले.

"डोळे नाहीत," ते म्हणाले. "वंचिताला जग बघत नाही, म्हणून वंचितानं जगाकडे बघायचं नाकारलं आहे. एवढ्याशा पिल्लानं एवढं मोठं विधान केलं. आम्ही चाळीस वर्षं घुबड असून आम्हाला सुचलं नाही."

लगेच पाटी तयार झाली. 'आंधळी आई. घूसवस्तीतील एका वंचित पिल्लाची कृती.' आणि काय सांगू, बाळांनो, झुंबड उडाली. ससे आले, हरणं आली, माकडांच्या दोन्ही मंडळ्या वेगवेगळ्या आल्या. महाराजांनी स्वतः येऊन आयाळ ओली होईपर्यंत रडून घेतलं. रडून बाहेर पडलं की सगळ्यांना हलकं वाटे आणि भूक लागे. ती काळी कुत्रीसुद्धा आली.

आता घुशींची बिळं पायाखालीच होती. वर माहिती सांगणारा पोपट दिवसातून वीस वेळा ओरडून सांगे, "ही पाहा आंधळी आई." ते खाली स्वच्छ ऐकू जाई. पहिल्या दिवशी वस्ती हसली. दुसऱ्या दिवशी कमी हसली. चौथ्या दिवशी सोनबा नावाची म्हातारी घूस, म्हणजे पुरुष घूस, विचारात पडली.

"आरं, हौसाला दिसत नाही म्हंत्यात," सोनबा म्हणाला.

"दिसतं की. काल तिनंच न्हेलं आपल्याला," कुणीतरी म्हणालं.

"मग तितं पाटी कशी लागली? एवढी शिकलेली लोकं, बघितल्याबिगर लिहितील व्हय?"

 हौसा त्यांना रोज दिसत होती, पण हौसाबद्दल त्यांच्याकडे लेखी काही नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे हौसा पुढे झाली. गोदीनं तिची शेपूट धरली. गोदीची शेपूट कुणी धरली नाही. थोडं अंतर गेल्यावर हौसानं मागं वळून पाहिलं, तर रांगेत दोघीच. बाकीची सगळी सोनबाच्या मागे लागली होती. सोनबाला स्वतःचे पुढचे पाय दिसत नसत, पण त्याच्याबद्दल तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिघं सापळ्यात गेले. पुढच्या आठवड्यात दोघं. सापळ्यात गेलेल्यांचं पुढे काय होतं, ते आज विचारायचं नाही. तुम्हाला रात्री झोपायचं आहे.

आणि हौसा, ती तरी काय करणार? जो तो समोरून येताना तिला हात धरून वाट दाखवायला लागला. शेजारणी तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागल्या, जणू तिला ऐकूही येत नव्हतं. महिन्याभरात ती दारातून जाताना चाचपडायला लागली. एक दिवस तिनं गोदीला विचारलं, "गोदे, मला खरंच कमी दिसायला लागलंय का गं?"

 गोदीला वाटलं, हे सगळं आपण केलं. दोन ठिपके राहिले, तेवढ्यानं आपल्या आईची नजर गेली, ते पाच जण गेले. तिनं ठरवलं, काही झालं तरी ते दोन ठिपके द्यायचे.

महिन्यानं योजना पुन्हा आली. हत्ती पुन्हा तीन दिवस चालला. या वेळी पिल्लांना संग्रहालयात नेऊन 'प्रेरणा' द्यायची होती. पण त्याआधी अर्ज भरायचा होता. मंजिरीताई टेबलाशी बसली. पहिली गोदी.

"कुंचला कधी हातात धरला आहेस?"

"व्हय. तुम्हीच दिला की."

मंजिरीताईचा चेहरा पडला. "मग तू आता वंचित राहिली नाहीस, बाळ. ज्यानं कुंचला धरलाच नाही त्याच्यासाठीच योजना आहे. नियम आहे तसा."

तिच्या मागचा पोरगाही म्हणाला, धरलाय. त्याच्या मागचीही. पन्नासच्या पन्नास पिल्लं योजनेनं आधीच उजळवून टाकली होती. वस्तीत एक वंचित सापडेना. मंजिरीताई डोकं धरून बसली. पन्नास कुंचले घेऊन परत जायचं म्हणजे योजना बंद, आणि शेपूट गेली ती गेलीच.

गोदी उकिरड्यामागे गेली. तिनं तोंडाला चिखल फासला, मिशा खाली वळवल्या आणि पुन्हा टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"नाव?"

"चंपी."

"कुंचला कधी धरला आहेस?"

"कुंचला म्हंजे काय?"

मंजिरीताईनं तिच्याकडे पाहिलं. चिखलाखालचं तोंड तिनं ओळखलं होतं. मग तिनं मान खाली घातली आणि अर्जावर लिहिलं, 'कला कशाशी खातात हेही माहीत नाही. पात्र.'

हे बघून एकोणपन्नास पिल्लं उकिरड्यामागे गेली आणि चिखल लावून परत आली. त्यातल्या एकानं निळा रंग बघून भोवळ आल्याचं सोंग केलं. त्याला सगळ्यात जास्त गुण मिळाले.

तीन दिवस चालून मंडळी संग्रहालयाच्या पुढच्या दाराशी आली. दारावर तरस पहारेकरी होता. घूस दिसली की तिचा फडशा पाडायचा, अशी त्याला आज्ञा होती. पण गळ्यातली पाटी बघून त्यानं पन्नास वेळा सलाम ठोकला. गोदीच्या मनात आलं, एवढी चांगली पाटी आईला मिळाली असती तर. पण आईचं वय बसत नव्हतं.

आत दालनात महाराज आले होते, पंडित घुबड आले होते, प्रतिष्ठित हरणं आली होती. पिल्लांना कुंचले आणि रंग दिले. सारसराव भाषणाला उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. गोदीनं फक्त उघडे ठेवले.

चित्र भिंतीवर उंच होतं. त्याखाली तो दगड होता, ज्यावर वाघ बसला नव्हता. गोदी दगडावर चढली. आई अगदी समोर आली. फाटका कान, मिशा, सगळं तसंच होतं. वरच्या दोन मोकळ्या जागांकडे बघून गोदीला रडू आलं. पण रडलं की हात हलतो, म्हणून ती रडली नाही.

तिनं उजवा डोळा सुरू केला. सावकाश केला. काळा गोल, आत बारीक पांढरा ठिपका, कडेला ती सुरकुती. तेवढ्यात सारसराव म्हणाले, "आणि शेवटी एवढंच सांगून मी माझे दोन शब्द संपवतो."

मंजिरीताईनं डोळे किलकिले करून मागे पाहिलं. दगडावर गोदी, कुंचला हवेत, आणि डावा डोळा अजून बाकी. ताईनं क्षणभर विचार केला. मग तिनं हात वर केला.

"सर, योजनेची पार्श्वभूमी पुन्हा एकदा सांगाल का? मागच्यांना नीट ऐकू आली नाही."

असं आजवर सारसरावांना कुणी विचारलं नव्हतं.  त्यांनी पार्श्वभूमी सुरुवातीपासून घेतली. पण पार्श्वभूमी छोटीच निघाली, त्यामुळे डावा डोळा गोदीला घाईत करावा लागला.

भाषण संपलं. सगळ्यांनी डोळे उघडले. आणि भिंतीवरून हौसानं सगळ्यांकडे बघितलं.

 त्या संग्रहालयात तोवर कुणीच कुणाकडे बघत नव्हतं, बाळांनो. आजोबा एकेचाळीस वेळा उजवीकडे बघत होते. ही एकटी समोर बघत होती.

महाराज जागेवर चुळबुळले. "सारसराव, ही आमच्याकडे बघतेय."

ते डावीकडे सरकले. "अजून बघतेय." ते खांबाआड गेले आणि तिथून डोकावले. "हिला काय पाहिजे?"

हिला काय पाहिजे, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते विचारायची आजवर वेळच आली नव्हती.

पंडित घुबड चित्राजवळ गेले आणि खाली बसले. सारसरावांनी हळूच विचारलं, "पंडितजी, कितपत नुकसान आहे?"

"पुरं झालं हो चित्र," पंडित म्हणाले. "याहून वाईट काय व्हायचं? काल ही वेदना होती. आज ही नुसती कुणाची तरी आई आहे."

"हे कुणी केलं?" सारसरावांनी विचारलं.

गोदी दगडावरून उतरली. "मी केलं. आये माझी हाय. डोळे मागच्या वेळी राहिले होते."

"मागच्या वेळी? म्हणजे तू कुंचला आधी धरला होतास?"

"व्हय."

झालं. सारसरावांनी तिच्या गळ्यातली पाटी काढून घेतली. पाटी गेल्याबरोबर ती घूस झाली. सारसरावांनी दुसरी खुर्ची मागवली. खुर्ची येईपर्यंत सगळे थांबले. ती आली, सारसराव तिच्यात बसले, आणि त्यांनी विचारलं, "संग्रहालयात घूस शिरली आहे असं समजतं. खरं आहे का?" तरस म्हणाला, खरं आहे. मग पिंजरा आणला आणि गोदीला आत घालून खटका लावला.

दालनाच्या मधोमध पिंजरा, पिंजऱ्यात गोदी. प्रतिष्ठित हरणं भोवती जमली. पंडितांनी चष्मा पुसला आणि ते जरा सावरले. "हे मात्र चांगलं आहे," ते म्हणाले. "हे मांडणशिल्प कुणाचं?" लगेच एकानं 'कृपया हात लावू नये' अशी पाटी आणून ठेवली. महाराजांना हुंदका आला.

या गडबडीत बाकीची पिल्लं मोरीतून खाली उतरली आणि नाल्याच्या पाण्यातून पोहत वस्तीत पोचली. जायला तीन दिवस लागले होते, यायला तेवढा वेळ लागला जेवढ्यात तुम्ही चणे खाता.

गोदी पिंजऱ्यात बसून होती. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही डाव्या डोळ्याची चुटपुट लागली होती. इतक्यात तिच्या समोरची फरशी हलली. मग थोडी उचलली गेली. आधी फाटका कान वर आला, आणि मागून हौसा.

हौसाच्या शेपटीला एक लहान पिल्लू लोंबकळत होतं. त्याच्या शेपटीला दुसरं. मग शेजारीण, मग तिची सासू, मग सोनबा. अशी अख्खी वस्ती शेपटीला शेपूट धरून संग्रहालयाच्या दालनात निघाली.

खाली काय झालं ते गोदीला नंतर कळलं. बातमी आली तेव्हा सोनबा म्हणाला होता, थांबा, मी पुढं हुतो. पण हौसा थांबली नाही. मोठ्यांना मोरीतून जाता येत नव्हतं, म्हणून ती सापळ्यांच्या बोळात शिरली. सगळ्यांनी ओरडून सांगितलं, "हौसे, तुला दिसत न्हाई." सगळ्यात लहान पिल्लाला मागं राहायची भीती वाटली आणि त्यानं सवयीनं तिची शेपूट धरली. त्याच्या आईनं घाबरून त्याची धरली. आणि मग रांग लागली. आपण आंधळीच्या मागं चाललोय हे सगळ्यांना कळत होतं, पण ते बोलून दाखवायला एकाचंही तोंड मोकळं नव्हतं. चाळीस सापळे गेले. एकही खटका वाजला नाही.

हौसा दालनात उभी राहिली. महाराजांकडे तिनं बघितलं नाही, हरणांकडेही नाही. पंडित घुबड तिच्याजवळ आले, त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"नक्कल आहे," ते म्हणाले. "हलकी नक्कल. मूळ कृतीत डोळे नाहीत."

हौसा चित्रासमोर गेली. तिनं खूप वेळ बघितलं. कान बघितला, शेपटीवरच्या दातांच्या खुणा बघितल्या, डोळे बघितले. सगळी वस्ती तोंडात शेपट्या धरून उभी होती.

"डावा जरा बारका झालाय," हौसा म्हणाली.

"घाई झाली, आये," गोदी पिंजऱ्यातून म्हणाली.

"असू दे. वळखू येतीय मी."

मग तिनं पिंजऱ्याचा खटका शोधला. शोधला म्हणजे काय, बघितला आणि दाबला. गोदी बाहेर आली. तिनं आईची शेपूट धरली, आणि ती इतकी घट्ट धरली की हौसाला बोलावं लागलं, "अगं, चावू नको." रांग फरशीखाली निघून गेली.

सारसराव दोन खुर्च्यांच्या मधे उभे होते. एका खुर्चीत बसलं तर संग्रहालयात एकाच दिवशी शंभरावर घुशी शिरल्या असा ठपका होता. दुसऱ्या खुर्चीत बसलं तर वंचित वस्तीतले शंभरावर प्रेक्षक एकाच दिवशी संग्रहालयात आले, असा विक्रम होता. त्यांना खरंच पुढचं दिसत असावं. ते बरोबर खुर्चीत बसले.

त्या विक्रमाबद्दल महाराजांनी त्यांना शाल दिली. चित्राचं रीतसर जतन करण्यात आलं, म्हणजे सुतार पक्ष्याला बोलावून दोन्ही डोळे अलगद टोचून काढले. 'मूळ स्वरूपात' अशी नवी पाटी लागली आणि गर्दी परत आली. घूसवस्ती उजळली असं जाहीर होऊन तिचं नाव यादीतून गेलं. सापळे मात्र चाळीसच राहिले, कारण ते खातं वेगळं. योजना आता चिचुंद्र्यांकडे गेली. चिचुंद्र्यांना जवळपास काही दिसत नाही, त्या डोळे काढायच्या भानगडीत पडणार नाहीत, असं सारसरावांनी आधी तपासून घेतलं होतं.

मंजिरीताई त्यांच्याबरोबर गेली नाही. ती मागच्या भिंतीवरच्या झाडावर राहायला आली. शेपटीला नवे केस फुटतात तसे ती मूठभर खाली टाकते.

पोपट वर अजूनही ओरडतो, "ही पाहा आंधळी आई." खाली वस्ती ऐकते, आणि पहाटे हौसाच्या मागे निघते. गोदी आता बिळाच्या भिंतींवर माती आणि काजळीनं चित्रं काढते. शेजारीण काढली, सोनबा काढला, ते पाच जण आठवून आठवून काढले. प्रत्येकाचे आधी डोळे काढते, मग बाकीचं अंग. वेळ संपली असं कोण कधी म्हणेल, याचा नेम नाही, असं ती सांगते.

तात्पर्य : वंचितांच्या पिल्लांना कलेचा स्पर्श जरूर घडवावा. मात्र तो वीस मिनिटांच्या वर घडवू नये. चित्र पुरं होतं, आणि मग ते आपल्याकडे बघतं.